बंड्याचं माथेरान

भाच्यासाठी 'थेरपी' शोधता शोधता आम्ही घोड्यापर्यंत पोहोचलो. त्या वीकेंडची ही गोष्ट.

शनिवारी सकाळी नेरळला उतरल्यावर कुठलाही सुज्ञ माणूस आधी वडापाव खातो आणि मग माथेरानचं बघतो. आमचा वडापाव राहिला. कारण लोकल पुरती थांबायच्या आत बंड्या प्लॅटफॉर्मवर होता, आणि मी, ताई आणि दोन सॅक त्याच्या मागे. तो टॉय ट्रेनचं इंजिन बघायला पळाला होता. इंजिन त्या वेळी तिथे नव्हतंच. मग ते का नाही, कुठे गेलं, कधी येणार, ड्रायव्हर झोपलाय का, अशी चौकशी त्याने एका हमालाकडे सुरू केली. हमाल बिचारा भला माणूस निघाला.

बंड्या म्हणजे माझा भाचा. वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी. खरं नाव छापलं तर ताई मला घरात घेणार नाही, म्हणून इथे बंड्या. मुलगा हुशार आहे. डायनासोरची अशी नावं सांगतो की आपली जीभ वळत नाही. पण शाळेची डायरी उघडा, लाल शाईशिवाय काही दिसणार नाही. जागेवर बसत नाही. वही अर्धी. शेजारच्या मुलाला ढकललं. पुन्हा ढकललं. पालकांनी भेटावे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ताई नऊ वेळा भेटून आली, तीही ऑफिसातून हाफ डे टाकून. नवव्या वेळी तिला गोड शब्दांत सांगण्यात आलं की दुसरी शाळा बघितलीत तर मुलाचंच भलं होईल.

डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, एडीएचडी. त्यांनी फॉर्म भरून घेतले, शाळेकडून भरून आणायला लावले, तीनदा बोलावलं आणि मग दोन गोष्टी सांगितल्या. एक, वागण्याचं ट्रेनिंग, मुलाचं आणि त्याहून जास्त आईबाबांचं. दोन, गोळी. पहिली गोष्ट ताईने मान डोलावून ऐकली. दुसरीची चिठ्ठी घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली.

इथे माझी एंट्री होते. मी एचआरमध्ये आहे. दिवसभर लोकांचे सीव्ही वाचते, त्यामुळे कोण फेकतंय ते आपल्याला कळतं असा माझा गोड गैरसमज होता. ताई म्हणाली, 'गोळी नको, दुसरं काहीतरी शोध ना.' आणि मी घरचं रिसर्च डिपार्टमेंट झाले.

पुढचे चार महिने काय काय झालं ते सांगू? साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या झाल्या. बंड्याने एकदा अख्खी बाटली फस्त केली आणि त्याला काही म्हणजे काही झालं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. फुलांच्या अर्काचे थेंब झाले. दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन झालं, म्हणजे दर सत्तावीस दिवसांनी ताईची आणखी एक रजा. शिरोधारा झाली. कपाळावर तेलाची धार धरायची आणि मुलाने पाऊण तास स्वस्थ पडायचं. आता जो मुलगा पाऊण तास स्वस्थ पडू शकतो त्याला कशाला आणतील हो तिथे? चौथ्या मिनिटाला तेल भिंतीवर होतं.

आणि मग माझा मास्टरस्ट्रोक. मिडब्रेन अॅक्टिव्हेशन. दोन दिवसांचं वर्कशॉप, डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं रंग ओळखतात, पुस्तक वाचतात. फी ऐकून जिजू गप्प झाले, तरी मी भरायला लावली. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. घरी येताना रिक्षात बंड्याने मला फंडा सांगितला, 'मावशी, नाकाच्या बाजूने खाली फट असते. मान वर केली की सगळं दिसतं. पण सांगायचं नाही, सर म्हणाले.' त्या फीमध्ये त्याच्या ऑक्युपेशनल थेरपीचे कितीतरी तास झाले असते. हा हिशेब जिजूंनी मला कधीच ऐकवला नाही, तो माझा मीच केला.

तरीही मी घोडा शोधून काढलाच! कारण घोड्यामागे मला एक खरी गोष्ट सापडली होती. डेन्मार्कची लिझ हार्टेल नावाची घोडेस्वार होती. पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय निकामी झाले, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा, आणि या बाईने 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचं रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात घोड्यावरच्या उपचारांना जोर आला. घोडा चालताना स्वाराची कंबर साधारण तशीच हलते जशी आपण स्वतः चालताना हलते, त्यामुळे तोल आणि स्नायूंना काम मिळतं, अशी त्यामागची कल्पना. त्याला हिप्पोथेरपी म्हणतात (पाणघोड्याचा संबंध नाही, बंड्याने विचारून झालंय). पण हे काम शिकलेल्या थेरपिस्टने करायचं असतं, आणि वागण्याच्या अडचणींवर त्याचा नक्की किती उपयोग होतो याचा पुरावा अजून तोकडाच आहे. माथेरानचा घोडा म्हणजे थेरपी नव्हे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण ठाण्याहून दीडेक तासात नेरळ आणि वर भरपूर घोडे, म्हणून निघालो. जिजूंचा मंथ एंड होता. ते आले नाहीत.

माथेरानला सगळ्यात वाईट जागा म्हणजे दस्तुरी नाका. सगळ्या गाड्या तिथे थांबतात आणि तुम्ही टॅक्सीतून पाय खाली टाकता न टाकता तोच घोडेवाले, हमाल, हॉटेलवाले सगळे एकदम बोलायला लागतात. सहा पॉइंट, आठ पॉइंट, बारा पॉइंट, सूटमध्ये देतो मॅडम! तुमच्या-माझ्या डोक्याला हे जरा त्रासदायक होतं, बस. बंड्याने कानांवर हात घेतले, खाली बसला आणि ओरडायला लागला. तो ओरडला की सगळी माणसं आधी त्याच्याकडे आणि मग ताईकडे बघतात. ती नजर ताईला पाठ आहे. 'जरा धाक नाही' असं एक काकू शेजारच्या काकूंना म्हणाल्याही. ताई तशीच त्याच्याजवळ लाल मातीत बसून राहिली. दहा मिनिटं. माझा घोड्याचा प्लॅन तिथेच गुंडाळला गेला.

मग आम्ही चालत निघालो. अमन लॉजपासून शटल मिळते, पण रांग मोठी होती. बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर. आणि इथे पहिल्यांदा काहीतरी झालं. काय झालं, तर काहीच झालं नाही. ताईने बंड्याचा हात सोडला.

हे वाचताना तुम्हाला त्यात काही विशेष वाटणार नाही. पण ठाण्यात रस्त्यावर ताईने त्याचा हात सोडल्याचं मी आठ वर्षांत पाहिलेलं नाही. ह्यूज मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने 1850 मध्ये हे पठार शोधलं म्हणतात (तिथे आधीपासून राहणाऱ्यांना ते सापडलेलंच होतं). आदमजी पीरभॉय कुटुंबाने 1907 मध्ये रुळांवरून गाडी वर आणली, पण मोटारींना इथे येऊ दिलं नाही. 2003 मध्ये सगळा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन झाला. आता ई-रिक्षा आल्या आहेत. 2022 च्या डिसेंबरात त्या प्रयोग म्हणून सुरू झाल्या आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये तर सुप्रीम कोर्टाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेशच दिला. बरंच झालं. पण बाकी हॉर्न नाही, बाइक नाही, टेम्पो नाही. जांभळीची, अंजनीची झाडं, सावली आणि सगळीकडे लाल धूळ. बंड्या पुढे पळाला, मागे आला, रुळांवरून तोल सांभाळत चालला, पुन्हा पळाला. आम्ही त्याला एकदाही 'नको' म्हटलं नाही. ठाण्यात मी एकदा मोजलं होतं, शाळेच्या बसस्टॉपपर्यंत एकवीस वेळा.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या दोघींनी 2009 मध्ये एक छोटा अभ्यास छापला होता. एडीएचडी असलेली सतरा मुलं, वीस मिनिटांचा फेरफटका, कधी बागेत, कधी वस्तीत, कधी भर शहरात. बागेतून आल्यावर मुलांचं लक्ष जास्त चांगलं लागलं. सतरा मुलं म्हणजे फार नाहीत. पण या अभ्यासात कोणी कोणाला काही विकत नव्हतं, हे मला आवडलं.

बाजारात चिक्की. आजीची सक्त ताकीद होती की साखर देऊ नका, साखरेने तो चेकाळतो. घरोघरीच्या आज्यांचा हा समज जुना आहे, पण 1995 मध्ये या विषयावरच्या प्रयोगांचं एकत्र विश्लेषण झालं तेव्हा साखरेने मुलांचं वागणं बिघडतं असं काही दिसलं नव्हतं. कृत्रिम रंगांची गोष्ट वेगळी. 2007 च्या ब्रिटिश प्रयोगात काही रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने मुलांची चुळबुळ थोडी वाढलेली दिसली, आणि युरोपात 2010 पासून तशा खाऊवर इशारा छापावा लागतो. थोडक्यात, लालभडक सरबत नको, शेंगदाण्याची चिक्की चालेल. आम्ही दोन पाकिटं घेतली. एक माकडाने नेलं.

संध्याकाळी हॉटेलच्या मागे एक म्हातारे घोडेवाले घोड्याला खरारा करत होते. आम्ही गिऱ्हाईक नाही हे त्यांना दिसत होतं, त्यामुळे सहा पॉइंट-आठ पॉइंट काही नाही. बंड्या दहा फुटांवर उभा राहिला. मग आठ फुटांवर. मग प्रश्न सुरू झाले. मामांनी (तो त्यांना मामा म्हणाला, म्हणून आम्हीही) एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. फक्त हातातला खरारा पुढे केला आणि म्हणाले, 'मागनं जायचं न्हाई. कान बघायचे. कान फुडं, तर खुशीत हाय. कान मागं पडले, तर आपण गप बाजूला व्हायचं.'

बस. एवढाच सिलॅबस.

बंड्याने घोड्याला खरारा केला. पहिल्या मिनिटाला तो आनंदाने किंचाळला, घोड्याचे कान मागे गेले, मामा काही बोलले नाहीत. बंड्या स्वतःच गप्प झाला. कान पुढे आले. त्याने माझ्याकडे बघितलं, मोठा शोध लागल्यासारखं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण अंधार पडून मामा चंदीची पिशवी बांधायला आले तोपर्यंत तो तिथेच होता. मला वाटतं पाऊण तास सहज. शिरोधारेवाल्यांचा पाऊण तास इथे भरून निघाला! ताई पायरीवर बसून बघत होती. रडत नव्हती, पण नाक लाल झालं होतं.

त्या रात्री ताई म्हणाली, 'बघितलंस? याला औषधाची गरज नाहीये. याला असं हवंय.' मी लगेच हो म्हटलं. इतके फ्लॉप शो दिल्यावर एक हिट मिळाला होता. मी तर मनातल्या मनात दर वीकेंडचं बजेट मांडायला लागले होते.

रविवारी सकाळी बंड्या घोड्यावर बसला. हेल्मेट आम्ही सायकलचं नेलं होतं. इथे घोड्यावरून पडून जीवघेणे अपघात झालेले आहेत, त्यामुळे त्यात 'चलता है' करू नका. मामांनी रिकीब वर घेतली, लगाम स्वतःच्या हातात ठेवला आणि घोडा फक्त चालवला, पळवला नाही. शार्लोट लेकच्या कडेने, पिसरनाथाच्या देवळावरून. या तळ्याचंच पाणी माथेरान पितं, म्हणून पोहायला मनाई. बंड्याने मामांना त्याचं कारण विचारलं आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकलं. ताठ बसला होता. कानांवर नजर. खरंच सांगते, फोटो काढायलाही सुचलं नाही.

लुइसा पॉइंटला उतरलो. समोर प्रबळगड, खाली धुकं, एकदम कॅलेंडर. मामा घोडा बांधायला गेले. ताई पाण्याची बाटली काढत होती. तेवढ्यात एक माकड खाली आलं, बंड्याच्या हातातलं चिक्कीचं दुसरं पाकीट ओढून कड्याच्या दिशेने पळालं, आणि बंड्या त्याच्या मागे.

तिथे कठडा आहे, पण सगळीकडे नाही. तो जिथे निघाला होता तिथे नव्हता. मी 'थांब' ओरडले. त्याला ऐकू आलं नाही. म्हणजे कान चांगले आहेत, पण अशा वेळी पाकीट सोडून दुसरं काही त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. हे मी याआधी शंभर वेळा वाचलं होतं. वाचणं आणि बघणं यात काय फरक असतो ते त्या चार सेकंदांत कळलं. मामांनी वाटेतच त्याचा शर्ट मागून पकडला. कड्यापासून दहा-बारा पावलं असतील. बंड्या हसत होता. मामा पांढरे पडले होते.

कोणी रागावलं नाही. ताईने त्याला जवळ घेतलं आणि नंतर दोन दिवस तिचा हात थरथरत होता, असं जिजूंनी मला मागाहून सांगितलं.

परतीची टॉय ट्रेनची तिकिटं नशिबाने मिळाली होती. ही गाडी वीस-एकवीस किलोमीटरला दोन तासांच्या वर घेते. रूळ दोन फूट रुंद, ट्रेन स्वतःच्याच शेपटीकडे बघत वळत वळत उतरते. जुम्मापट्टीच्या आसपास बंड्या ताईच्या मांडीवर झोपला. मग तिने पर्स उघडली, आतल्या कप्प्याची चेन ओढली आणि चिठ्ठी काढली. घड्यांवर शाई फिकट झाली होती.

'चार महिने झाले,' ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, 'मला वाटलं गोळी दिली तर मी आई म्हणून नापास. काल वाटलं, पास झाले.'

मी काय बोलणार? ते चार महिने तिला मीच काढून दिले होते, एकेक नवीन पत्ता शोधून. गोड गोळ्यांनी बंड्याचं काही बिघडलं नाही, खरं आहे. पण त्या चार महिन्यांत शाळेने त्याच्यावर 'त्रासदायक मुलगा' हा शिक्का मारून टाकला. आणि एका दुपारी त्याने आईला विचारलं होतं, 'मी वाईट आहे का?' हे तिने मला त्या गाडीत पहिल्यांदा सांगितलं.

मिथाइलफेनिडेट हे औषध नवीन नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1944 मध्ये लेआंद्रो पानिझॉन या केमिस्टने ते बनवलं आणि बायकोच्या रिटा या लाडक्या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. 1999 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, 579 मुलांवर, चौदा महिने काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने एडीएचडीची लक्षणं नुसत्या वागण्याच्या ट्रेनिंगपेक्षा जास्त कमी झाली. पण जादूची कांडी तीही नाही. भूक कमी होते, झोप उडू शकते, डॉक्टर वजन-उंची मोजत राहतात. आणि आपल्याकडे ती सगळ्या केमिस्टकडे मिळत नाही. कडक नियमातलं औषध आहे, चिठ्ठी नीट लागते. सोमवारी जिजू तीन दुकानं फिरले. चौथ्यात मिळालं, पण चिठ्ठी जुनी म्हणून नवी आणा म्हणाले. मग डॉक्टरांकडे पुन्हा अपॉइंटमेंट. डॉक्टर ओरडतील असं ताईला वाटत होतं. ते म्हणाले, 'आलात ना, झालं.' घोड्याचं सांगितलं तर हसले, म्हणाले चालू ठेवा, हेल्मेट घाला.

आता वर्ष होत आलं. बंड्या चौथीत आहे, शाळा बदलली. वही बऱ्याचदा पूर्ण असते. बऱ्याचदा. दुपारचा डबा निम्मा परत येतो, म्हणून रात्रीचं जेवण तब्येतीत. ऑक्युपेशनल थेरपी सुरू आहे, दर बुधवारी मी सोडते, कारण माझं वर्क फ्रॉम होम त्या दिवशी आहे. मी नवीन काही शोधत नाही.

माथेरानला मात्र आम्ही दोन-तीन महिन्यांतून एकदा जातो. तुमच्याही घरात असा एखादा बंड्या असेल तर थोडं सांगते. शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा. दस्तुरीला उतरण्याआधी मुलाला सगळं सांगून ठेवा, लोक ओरडतील, आपण थांबायचं नाही. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, अमन लॉजची शटल चालते. पॉइंट मोजत बसू नका, एक पुरे, तोही कठड्याचा. कड्यावर हात सोडू नका. घोड्यावर बसायचं नसेल तर नका बसवू. आणि चिक्की सॅकमध्ये, चेन लावून.

लुइसा पॉइंटला आम्ही परत गेलेलो नाही. मामांकडे जातो. ते आता खरारा देताना काही बोलत नाहीत, बंड्याच मला दर वेळी कानांचे नियम पुन्हा समजावतो, जणू मी नवीन भरती आहे. पुढचा बेत दिवाळीनंतरचा आहे. जाण्याआधी दुकानात जायचंय, जुनं हेल्मेट त्याला आता घट्ट होतं.